शेक्सपिअरची इझाबेला आणि शत्रुप्रेमाची शिकवण

ख्रिस्ती धर्मांतील कोणत्या शिकवणीची स्तुति सर्वांत अधिक होते आणि कोणत्या शिकवणीवर विश्वास सर्वांत कमी बसतो, असें विचारल्यास दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकच येईल: शत्रूवर प्रेम करण्याची. ख्रिस्ती नसलेले सुशिक्षित लोकही तिचा उल्लेख आदरानें करतात. परंतु तो आदर शिखराकडे दुरून पाहणाऱ्याचा असतो, वर चढून जाण्याचा बेत करणाऱ्याचा नसतो. कोणी ती आचरणांत आणूं लागलाच, तर त्याच्याविषयीं दोन शंका तत्काळ उत्पन्न होतात. एक अशी कीं, हा मनुष्य मनांतलें खरें बोलत नसावा. आणि दुसरी अशी कीं, याला अन्यायाची चीडच नसावी. या शंका क्षुद्र नाहींत. उपदेशपर ग्रंथांत त्यांचें समाधान क्वचितच सांपडतें, कारण उपदेशकाचें लक्ष पोंचावयाच्या ठिकाणाकडे असतें, वाटेंतील अडचणींकडे नसतें. नाटककाराची गोष्ट निराळी. त्याला शत्रु आणि पीडित अशीं दोघें एकाच रंगभूमीवर, एकाच वेळीं, प्रेक्षकांसमोर उभीं करावीं लागतात, आणि पीडिताच्या तोंडून जें वाक्य निघेल तें खरें वाटलें पाहिजे ही त्याच्यावर सक्ति असते. म्हणून या शिकवणीची परीक्षा शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर' या नाटकाच्या आधारें करून पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

आधीं मूळ शिकवण नीट पाहिली पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पांचव्या अध्यायांत, गिरिप्रवचन म्हणून जें प्रसिद्ध आहे त्यांत, आणि लूकच्या सहाव्या अध्यायांत ती आली आहे. मत्तयाच्या ग्रंथांत 'डोळ्याबद्दल डोळा' हा जुना नियम समोर ठेवून ख्रिस्त त्याच्या पलीकडे जावयास सांगतो. हा जुना नियम केवळ रानटी होता असें मानण्याचा प्रघात आहे. पण तें बरोबर नाहीं. एका डोळ्याबद्दल दोन डोळे काढण्याची आणि एका माणसाबद्दल सारें कुळ बुडविण्याची जी सूडाची हांव, तिला त्या नियमानें मर्यादा घातली होती. उत्पत्तीच्या पुस्तकांत लामेख नांवाचा पुरुष आपला सूड सत्त्याहत्तर पटींचा असेल अशी बढाई मारतो. तिच्या मानानें एकास एक हें प्रमाण म्हणजे मोठीच सुधारणा होय. किती वेळां क्षमा करावी, असें पेत्रानें विचारलें तेव्हां ख्रिस्तानें जो सात आणि सत्तर यांचा आंकडा सांगितला, तो या लामेखाची आठवण करून देणारा आहे. सूडाचें अमर्याद गणित त्यानें क्षमेच्या खात्यावर मांडलें.

यापुढें दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, या उपदेशांत 'प्रेम' या शब्दाच्या जोडीला जीं क्रियापदें येतात, तीं सारीं कृतीचीं आहेत: भलें करणें, आशीर्वाद देणें, प्रार्थना करणें, उसनें देणें. अंतःकरणाच्या उमाळ्याचें त्यांत एकही नाहीं. शत्रु आवडला पाहिजे अशी आज्ञा ख्रिस्तानें कोठेंही केलेली नाहीं. आणि जो आवडूं लागला, तो शत्रु तरी कसला? दाखला दिला आहे तो सूर्याचा आणि पावसाचा. आणि दुर्जनाच्या शेतावर ऊन पडतें तें त्याच्यावर सूर्याची मर्जी बसली म्हणून पडत नाहीं. दुसरी गोष्ट शब्दाची. आपण मराठींत 'क्षमा' म्हणतों. 'क्षम्' धातूचा अर्थ सहन करणें, आणि सारें सहन करणाऱ्या पृथ्वीलाही आपण क्षमा म्हणतों. शुभवर्तमानांच्या ग्रीक भाषेंतील शब्द मात्र सोडून देण्याचा, कर्ज माफ करण्याचा आहे. मत्तयानें दिलेल्या प्रार्थनेंत तर ऋण हाच शब्द आहे. म्हणूनच त्या ग्रंथांतील क्षमेची प्रसिद्ध कथा धनको आणि ऋणको यांची आहे. दहा हजार टॅलंटांचें, म्हणजे मजुराच्या सुमारें सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढें कर्ज ज्याला माफ झालें, तोच चाकर बाहेर येऊन शंभर दिनारांसाठीं सोबत्याचा गळा धरतो. ऋण सोडावयाचें, तर तें ऋण आहे असें आधीं म्हणावें लागतें आणि त्याचा आंकडा मान्य करावा लागतो. 'कांहीं झालेंच नाहीं' असें म्हणणारा मनुष्य कर्ज माफ करीत नाहीं; तो हिशेबाची चोपडी लपवितो.

आतां नाटकाकडे वळूं. इ. स. १६०४ च्या डिसेंबरांत राजा जेम्स याच्या दरबारांत याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. छापलें गेलें तें १६२३ च्या संग्रहांत. दुसऱ्यास ज्या मापानें मोजावें त्याच मापानें आपलें मोजमाप होईल, या अर्थाच्या ख्रिस्तवचनावरून नाटकाचें नांव घेतलें आहे, आणि लूकच्या ग्रंथांत तें वचन शत्रुप्रेमाच्या उपदेशानंतर थोड्याच ओळींनीं येतें. स्थळ व्हिएन्ना. तेथील ड्यूक व्हिन्सेन्शिओ आपण बाहेरगांवीं जात असल्याचें भासवून सत्ता अँजेलोच्या हातीं देतो आणि साधूच्या वेषांत नगरांतच राहतो. अँजेलो कडक नीतिमान म्हणून ख्यात आहे. बरींच वर्षें निजलेला एक कायदा जागा करून तो क्लॉडिओ नांवाच्या तरुणास देहांत शिक्षा देतो. गुन्हा हा कीं, वाग्दत्त वधूशीं विधिपूर्वक लग्न लागण्यापूर्वींच त्याचा संबंध आला आणि ती गर्भवती राहिली. क्लॉडिओची बहीण इझाबेला सेंट क्लेअरच्या मठांत जोगीण होण्याच्या बेतांत आहे. ती भावासाठीं रदबदली करावयास येते आणि तो नीतिमान पुरुष तिच्या भावाच्या प्राणांची किंमत म्हणून तिचें शील मागतो. ती नाकारते. साधुवेषधारी ड्यूक तोड काढतो: अँजेलोनें पूर्वीं वचन देऊन टाकून दिलेली मॅरिआना अंधारांत इझाबेलेच्या जागीं जाते. अँजेलोला वाटतें, आपला सौदा पुरा झाला; तरीही तो शब्द मोडून क्लॉडिओचें मस्तक उडविण्याचा हुकूम देतो. तुरुंगांत तापानें मेलेल्या एका चांच्याचें मस्तक त्याला पाठविण्यांत येतें. क्लॉडिओ जिवंत आहे. पण ड्यूक ही गोष्ट इझाबेलेपासून लपवून ठेवतो. तिच्या समजुतीप्रमाणें भाऊ मेला आहे, आणि त्याला मारणारा तिच्या समोर उभा आहे.

या नाटकांत इझाबेला एकाच ठिकाणीं उभी नाहीं, हें पुष्कळ वेळां नजरेआड होतें. दुसऱ्या अंकांत भावासाठीं अँजेलोपुढें बोलतांना ती क्षमेचें सारें तत्त्वज्ञान मांडते. सर्वच माणसांचे आत्मे एके काळीं दंडास पात्र होते, आणि ज्याला दंड करण्याचा पूर्ण अधिकार होता त्यानेंच सुटकेची वाट काढली. तोच न्यायाधीश तुमचा हिशेब मागूं लागला तर तुमचें काय होईल, असें ती विचारते. ख्रिस्ती धर्माचें सार याहून थोडक्यांत सांगणें कठीण. पण तिसऱ्या अंकांत मरणाला भ्यालेला तिचा भाऊच जेव्हां तिच्यापाशीं जिवाची भीक मागतो, तेव्हां हीच मुलगी त्याच्यावर तुटून पडते आणि त्याच्या मरणासाठींच हजार प्रार्थना करीन म्हणते. चौथ्या अंकांत भाऊ गेल्याची खोटी वार्ता कानीं पडतांच तिचा पहिला उद्गार असा कीं, जाऊन त्या अँजेलोचे डोळे उपटून काढीन. डोळ्याबद्दल डोळा हा नियमही येथें ओलांडला जातो. आणि पांचव्या अंकाच्या आरंभीं ती ड्यूकपुढें चार वेळां एकच शब्द उच्चारते: न्याय. उपदेश, कठोरपणा, सूड, न्याय, अशा पायऱ्या उतरत आणि चढत ती शेवटच्या प्रसंगाला येते. तत्त्वज्ञान तिला पहिल्यापासून तोंडपाठ होतें. आचरणांत तें भावाच्या बाबतींतही उतरलें नव्हतें. शेक्सपिअरनें हें मुद्दाम दाखविलें आहे. सुंदर बोलण्याला तो कृतीचा पुरावा मानीत नाहीं. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्यें पोर्शिया शायलॉकला दयेचा जो उपदेश करते, तो आपल्याकडे शाळेपासून पाठ करवितात. पण डाव उलटल्यावर ख्रिस्ती लोक शायलॉकला कोणती दया दाखवितात? जीव राखतात आणि धर्म काढून घेतात. तो प्रवेश वाचून झाल्यावर दयेच्या त्या भाषणाची गोडी कांहींशी कडू होते.

शेवटचा प्रसंग असा. अँजेलोचें पाप उघड झालें आहे. ड्यूक त्याचें मॅरिआनेशीं लग्न लावतो आणि लगेच निकाल देतो: क्लॉडिओबद्दल अँजेलो, मरणाबद्दल मरण, मापास माप. मॅरिआना नवऱ्याच्या प्राणांसाठीं पदर पसरते. ड्यूक ऐकत नाहीं. तेव्हां ती इझाबेलेकडे वळते आणि केवळ एवढेंच मागते कीं, माझ्या शेजारीं गुडघे टेक, हात वर कर, बोलूं नकोस, बोलणें मी बोलेन. ड्यूक आडवा येतो. हिनें या कृत्याला क्षमा मागितली, तर हिच्या भावाचें भूत थडग्याची फरशी फोडून बाहेर येईल आणि हिला ओढून नेईल, असें तो म्हणतो. मॅरिआना पुन्हा विनवते. आणि इझाबेला गुडघे टेकते.

या प्रसंगाची किंमत कळण्यासाठीं शेक्सपिअरनें जुन्या कथेंत काय बदललें तें पाहावें. १५६५ त प्रसिद्ध झालेल्या इटालियन कथाकार चिंथिओच्या संग्रहांत, आणि त्यावरून जॉर्ज व्हेट्स्टोननें रचलेल्या १५७८ च्या इंग्रजी नाटकांत, बहीण न्यायाधीशाच्या मागणीस वश होते. पुढें राजा त्या न्यायाधीशाला तिच्याशीं लग्न लावावयास लावतो आणि मग त्याचा शिरच्छेद करण्याची आज्ञा देतो. ती बहीण त्याच्या प्राणांची याचना करते, कारण आतां तो तिचा पति आहे. ही गोष्ट त्या काळच्या वाचकाला सहज पटण्याजोगी होती, आणि आपल्याकडील वाचकालाही ती समजावून सांगावी लागणार नाहीं. परंतु तेथें शत्रु हा शत्रु राहिलेलाच नसतो. विधीनें तो आप्त झालेला असतो, आणि क्षमा ही पत्नीधर्मांत मोडते. शेक्सपिअरनें मॅरिआना हें पात्र नवें निर्माण केलें आणि पत्नीधर्माचा सारा भार तिच्यावर टाकला. इझाबेलेजवळ मग क्षमेचें कोणतेंच कारण उरत नाहीं. अँजेलो तिचा कोणी नाहीं. भाऊ परत मिळेल ही आशा नाहीं. पुढें राज्यकर्त्यानें आज्ञा केलेली नाहीं. उलट त्यानें भीति घातली आहे. एक एक करून सगळे आधार काढून घेतल्यावर जें उरतें, त्यालाच शत्रुप्रेम म्हणतां येईल. जुन्या कथेचें ख्रिस्ती शिकवणीच्या कसोटींत रूपांतर झालें आहे तें या एका फेरफारामुळें.

गुडघे टेकल्यावर ती बोलते काय? टीकाकारांचा रोष येथूनच सुरू होतो. ती म्हणते, या माणसाकडे माझा भाऊ जिवंत असल्याप्रमाणें पाहावें. यानें मला पाहीपर्यंत याच्या वागण्यांत खरी निष्ठा होती असें मला कांहीं अंशीं वाटतें. माझ्या भावाला न्यायच मिळाला, कारण ज्या कृत्याबद्दल तो मेला तें त्यानें केलें होतें. अँजेलोच्या हातून मात्र हेतूप्रमाणें कृत्य घडलें नाहीं, आणि विचार हा कायद्याच्या कक्षेंतला नाहीं. डॉक्टर जॉन्सननें १७६५ च्या आपल्या आवृत्तींत यावर तीव्र आक्षेप घेतला. अँजेलो सुटतो हें पाहून प्रत्येक वाचकाला संताप येतो, असें त्याचें म्हणणें. आणि भाऊ मेला असें समजणाऱ्या इझाबेलेला याच्या बाजूनें बोलावयास जागाच कोठें आहे, असा त्याचा प्रश्न. आपल्या रूपामुळें घडलेला अपराध स्त्रियांना फारसा वाईट वाटत नाहीं, असें कवीला सुचवावयाचें असावें, असा टोमणाही त्यानें मारला आहे. कोलरिजला तर हें सारें नाटकच अप्रिय वाटलें. अँजेलोला मिळालेली माफी आणि त्याचें लग्न यांमुळें न्यायबुद्धीची निराशा होते, असें त्याचें मत होतें. वर्गांतील विद्यार्थ्यांनाही हें भाषण आवडत नाहीं. त्यांना वाटतें, इतक्या मोठ्या प्रसंगीं करुणेचा पूर यावयास हवा होता, आणि ही बाई वकिलासारखी मुद्दे मांडीत बसते.

जॉन्सनचा टोमणा सोडून द्यावा. त्याचा प्रश्न मात्र सोडण्यासारखा नाहीं. त्याला उत्तर आहे तें, माझ्या मतें, त्या भाषणाच्या रुक्षपणांतच आहे. इझाबेलेच्या मनांत अँजेलोविषयीं माया नाहीं, आणि असल्याचें ती भासवीतही नाहीं. तो निर्दोष आहे असें ती म्हणत नाहीं. जें घडलें तें विसरून जावें असेंही म्हणत नाहीं. ती एवढेंच करते कीं, आपल्या शत्रूविषयीं खरेपणानें जें जें बरें बोलतां येईल तें शोधून काढते आणि तें भर न्यायसभेंत, त्याच्या प्राणांवर बेतलें असतांना, स्वतःच्या तोंडानें बोलते. 'कांहीं अंशीं' हे दोन शब्द या दृष्टीनें फार मोलाचे आहेत. खोटी क्षमा उदार विशेषणें वापरते, तिला 'कांहीं अंशीं' म्हणण्याची गरज भासत नाहीं. इझाबेला मात्र तोलून देते. आपल्याला छळणाऱ्या माणसाच्या पदरांत ती दयेचें दान टाकीत नाहीं. त्याच्या बाजूचें जें येणें निघतें तें चोख मोजून देते, आणि असें मोजण्याची बुद्धि त्या क्षणीं त्या सभेंत फक्त तिच्यापाशींच असते. द्वेषाचा पहिला परिणाम हा कीं, शत्रूच्या बाबतींत आपलें माप बदलतें; त्याचे गुण मोजावयाचें आपण सोडून देतों. तें माप पुन्हा सरळ धरणें म्हणजे शत्रूवर प्रेम करणें, असा अर्थ या नाटकांतून निघतो, आणि नांवाशीं तो नीट जुळतो. भलें करणें, प्रार्थना करणें, हीं जीं कृतीचीं क्रियापदें आपण आरंभीं पाहिलीं त्यांच्याशींही तो विसंगत नाहीं.

आपल्याकडील क्षमेच्या कथांशीं तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होईल. पैठणास गोदेचें स्नान करून परततांना अंगावर थुंकणाऱ्या माणसावर न रागावतां पुन्हा पुन्हा नदीवर जाणाऱ्या एकनाथांची कथा घराघरांत सांगतात. तिचें सौंदर्य असें कीं, नाथांच्या शांतीला त्या अपमानाचा स्पर्शच होत नाहीं. उलट त्या निमित्तानें गोदास्नान घडलें म्हणून ते संतोष मानतात. तेथें शत्रुत्व एका बाजूनेंच आहे. ती क्षमा सिद्ध पुरुषाची आहे. इझाबेला सिद्ध नाहीं. तिला लागलें आहे, तिनें शाप दिले आहेत, तिनें न्याय मागितला आहे; आणि ती गुडघे टेकते तेव्हां तिचें मन शांत झालें आहे असें नाटकांत कोठेंही सांगितलेलें नाहीं. सामान्य संसारी माणसाला यांतील कोणती वाट चालतां येण्याजोगी आहे, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. मन शांत झाल्यावर क्षमा करूं, असें म्हणणाऱ्यांना पुष्कळ वेळां आयुष्य पुरत नाहीं, एवढें मात्र खरें.

येथें ड्यूकचा विचार केला पाहिजे. विल्सन नाइट या प्रसिद्ध टीकाकारानें १९३० सालच्या आपल्या पुस्तकांत या नाटकाची शुभवर्तमानांशीं सांगड घातली आणि ड्यूकला जवळ जवळ ईश्वराच्या जागीं बसविलें. नाटकाचा ख्रिस्ती आशय त्यानें ओळखला हें त्याचें ऋण मान्य करूनही असें म्हणावेंसें वाटतें कीं, त्यानें माळ भलत्याच गळ्यांत घातली. राज्यकर्त्याची माफी आणि पीडिताची क्षमा या दोन निराळ्या वस्तु आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पौलाच्या पत्रांतही हा भेद आहे: बाराव्या अध्यायांत व्यक्तीला सूडाची बंदी केली आहे, आणि लगेच तेराव्यांत राजाच्या हातांतील तरवारीचें समर्थन केलें आहे. ड्यूक अँजेलोला सोडतो तो क्लॉडिओ जिवंत आहे हें माहीत असतांना, आणि स्वतःचें कांहीं गेलेलें नसतांना. खुनी बार्नार्डिनलाही तो सोडतो. तो खूनही दुसऱ्याच कोणाचा असतो. पण ल्यूसिओ नांवाच्या एका उनाड माणसानें ड्यूकची, त्याच्याच समोर, न ओळखतां निंदा केलेली असते. सगळ्यांना माफी वाटून झाल्यावर ड्यूक त्याच्याकडे वळतो आणि म्हणतो, एवढ्याला मात्र मला क्षमा करतां येत नाहीं. त्याला फटके आणि फांशी अशी शिक्षा फर्मावून मग ती मागें घेतो. पण ज्या वारांगनेला त्यानें फसविलें तिच्याशीं लग्न करण्याची आज्ञा कायम ठेवतो, आणि राजाची निंदा केल्याचें तें योग्य फळ आहे असें बजावतो. प्रेक्षक हंसतात, आणि हंसतां हंसतां शेक्सपिअरनें आपला मुद्दा सिद्ध केलेला असतो. दुसऱ्याच्या जखमेबद्दल क्षमा करणें फारसें जड जात नाहीं. स्वतःला टोंचलेला कांटा मात्र राजालाही विसरतां येत नाहीं.

ही गोष्ट केवळ व्हिएन्नाच्या ड्यूकची नाहीं. कुटुंबांत व समाजांत 'झालें गेलें विसरून जा, मोठें मन कर' असें सांगणारीं माणसें बहुधा ज्यांचें कांहीं गेलेलें नसतें अशींच असतात, आणि ज्यांना हें ऐकावें लागतें त्यांत सुनांची, धाकट्यांची आणि दुबळ्यांची संख्या अधिक असते. शत्रुप्रेमाच्या शिकवणीचा याहून मोठा दुरुपयोग नाहीं. तिचा उपयोग अन्याय करणाराला ढाल म्हणून होऊं लागला, कीं अन्यायाची चीड असणारीं माणसें त्या शिकवणीपासूनच दूर जातात, आणि त्यांचें चुकतें असें म्हणवत नाहीं. या नाटकांत इझाबेलेला क्षमा करावयास कोणीही अधिकारानें सांगत नाहीं. विनविते ती मॅरिआना, आणि तीही त्याच माणसाच्या हातून होरपळलेली. आणि इझाबेला क्षमा मागते ती सत्य सर्वांसमोर उघड झाल्यावर, अपराध्यानें तो कबूल केल्यावर. ऋणाचा आंकडा आधीं लिहिला गेला आहे.

तरीही एक अडचण उरते, आणि तिची बोळवण करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. भूत थडगें फोडून बाहेर येईल असें ड्यूक म्हणतो त्यांत मोठा अर्थ आहे. स्वतःवर झालेल्या अपराधाची क्षमा इझाबेला करूं शकेल. पण मेलेल्या भावाच्या वतीनें क्षमा करण्याचा अधिकार तिला कोणीं दिला? १८७९-८० मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'कारमाझोव्ह बंधु' या कादंबरींत दोस्तोएव्हस्कीचा इव्हान हाच प्रश्न करतो. ज्या जमीनदारानें एका पोरावर कुत्रे सोडून त्याचे तुकडे करविले, त्याला त्या पोराच्या आईनें आपल्या दुःखापुरती क्षमा करावी. पोराच्या यातनांबद्दल क्षमा करण्याचा तिला हक्क नाहीं, असें तो म्हणतो. याला निर्णायक उत्तर मला दिसत नाहीं, आणि इझाबेलेच्या भाषणांतही तें नाहीं. भावाला न्यायच मिळाला, हें तिचें वाक्य कायद्याच्या भाषेंत खरें असलें, तरी अँजेलोनें मोडलेल्या शब्दाचा उल्लेख ती टाळते, आणि शत्रूला माप घालतांना भावाचें माप किंचित् कमी पडलें काय, अशी शंका वाचकाच्या मनांत राहते. ती जें सोडून देते तें आपलें ऋण आहे. क्लॉडिओच्या ऋणाविषयीं तिनें निवाडा दिला आहे, आणि तो तिच्या अधिकारांत होता असें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. शत्रुप्रेमाची सीमा बहुधा येथें कोठें तरी असावी.

शेक्सपिअरलाही ही अडचण जाणवली असावी, असें शेवटच्या मौनावरून वाटतें. क्लॉडिओ जिवंत बाहेर येतो. बहीणभाऊ समोरासमोर उभीं राहतात. पण कवीनें दोघांच्याही तोंडीं एक अक्षर घातलेलें नाहीं. तिसऱ्या अंकांत कठोर शब्दांनीं तुटलेलीं तीं दोघें येथें बोलतच नाहींत. अँजेलो दयेपेक्षां मरणच बरें म्हणून गप्प होतो, आणि क्लॉडिओ दिसल्यावरही तो बोलत नाहीं. त्याच्या डोळ्यांत थोडी जाग आली असें ड्यूकच सांगतो. आणि इझाबेला त्या भाषणानंतर नाटक संपेपर्यंत बोलत नाहीं. ड्यूक तिला लग्नाची मागणी घालतो, तिलाही उत्तर नाहीं. दिग्दर्शकांनीं या मौनाचे निरनिराळे अर्थ लावले आहेत. १९७० सालीं जॉन बार्टननें स्ट्रॅटफर्डच्या प्रयोगांत सगळीं निघून गेल्यावर तिला एकटीच उभी ठेवली. त्यापूर्वीं, १९५० सालीं, पीटर ब्रुकनें त्याच नगरींत इझाबेलेची भूमिका करणाऱ्या बार्बरा जेफर्डला असें सांगितलें होतें कीं, गुडघे टेकण्यापूर्वीं प्रेक्षकांना आणखी सोसवणार नाहीं असें वाटेपर्यंत रोज थांबावें. आणि त्यामुळें नाटक दोन दोन मिनिटें थांबत असे. नाटकगृहांत दोन मिनिटांचें मौन किती मोठें असतें तें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांनाच समजेल. तेवढ्या वेळांत तिनें भावाला आठवावें, अँजेलोचे डोळे आठवावे, आपलेच जुने शब्द आठवावे. क्षमा सोपी वाटावी अशी कोणतीही सोय ब्रुकनें ठेवली नाहीं, आणि मूळ नाटकांतही ती ठेवलेली नाहीं.

जॉन्सनचा संताप आणि कोलरिजची निराशा या दोहोंना मान देऊनच या नाटकाचा पांचवा अंक वाचावा, असें सुचवावेंसें वाटतें. अँजेलो सुटला याचा ज्याला राग येत नाहीं, त्याला इझाबेलेनें काय केलें तें कळावयाचें नाहीं. तो राग तिच्याही मनांत होता. अंकाच्या आरंभीं तिनें चार वेळां न्याय मागितला होता, आणि अंकाच्या शेवटीं ती जें बोलली तेंही न्यायाविषयींच होतें. फरक एवढाच पडला कीं, पहिल्यानें तिनें तो स्वतःसाठीं मागितला, आणि नंतर ज्यानें आपला सर्वनाश केला असें ती समजत होती त्याच्यासाठीं मागितला.